फुइनला कंटाळा आला

माइलिस कास्तेराची विद्यापीठातली पीएचडीची नोकरी जूनअखेर संपणार होती. ती पुढे चालू राहायची की नाही हे ज्यांच्या सहीवर अवलंबून होतं, त्या प्रोफेसर व्हालादिएंना प्रकल्पाच्या समितीला दाखवायला सोमवारच्या आत एक व्हिडिओ हवा होता. म्हणून येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, गुरुवारी, अख्खं बोर्दो शहर शुक्रवारची रजा जोडून समुद्रावर पळालेलं असताना, ती सकाळी नऊला दोर्दोन्य नदीकाठच्या एका जुन्या चुनखडीच्या खाणीत उतरली. सोबत फुइन होती, आणि खाणीचे मालक मस्यू आन्सेल्म लाबार्त.

फुइन म्हणजे बुटाच्या खोक्याहून जराशी मोठी, सहा चाकांची गाडी. पुढे एक कॅमेरा, एक दिवा आणि ढकलण्यापुरता एक आखूड हात. प्रयोगशाळेतल्या मुलांनी तिला हे नाव ठेवलं होतं, कारण फुइन हे तिकडचं मुंगसासारखं जनावर. लोकांच्या माळ्यावर शिरून जिथे तिथे नाक खुपसत हिंडतं. या फुइनलाही कुठे जायचं ते कोणी सांगत नसे. पुढच्या क्षणी काय दिसेल याचा ती सतत अंदाज बांधायची. अंदाज जितका चुकेल तितकं तिला बक्षीस. मग अशी बक्षिसं जिथे जास्त मिळतील तिथे जायच्या चार वाटा ती आधी मनातल्या मनात चालून बघायची, आणि त्यातली एक निवडायची. तिचं कुतूहल म्हणतात ते एवढंच. व्हालादिएंचं नाव झालं ते याच कल्पनेवर.

माइलिसला ती कल्पना दोन वर्षांपासून खटकत होती. नुसतं चुकत राहणं म्हणजे शिकणं नव्हे, असं तिचं म्हणणं. बक्षीस द्यायचं तर अंदाज सुधारत गेल्याबद्दल द्यावं. जे कधी सुधारणारच नाही, त्याचा यंत्राला कंटाळा यायला हवा. आणि सगळ्याचाच कंटाळा आला, तर आपल्याला येतात त्यातल्या दोन-तीन गोष्टी जोडून त्यानं स्वतःच एखादा नवा खेळ काढावा. हे सगळं तिनं लिहूनही काढलं होतं. ते प्रयोगशाळेत चालवलं तर फुइन वीस मिनिटांत सगळ्याला कंटाळून कोपऱ्यात थंड बसायची. नव्या खेळाचा भाग तर व्हालादिएंनी चालवूच दिला नाही. "खेळणी नंतर कर," ते म्हणाले होते. "प्रकल्प ज्या मॉडेलवर मंजूर झालाय, तेच समितीला दाखवायचं."

"सुट्टीच्या दिवशी तुला दुसरं काही सुचलं नाही का गं, पोरी?" मस्यू लाबार्त बोगद्यात पुढे चालताना म्हणाले. वय एकाहत्तर, पाठीत थोडं वाकलेले. त्यांच्या आजोबांपासून या खाणीत मश्रूम पिकत. आता गुडघे कुरकुरतात म्हणून पीक बंद केलं होतं आणि खाण विद्यापीठाला भाड्यानं दिली होती.

"सुचलं होतं. पण समुद्र काय पळून जात नाही."

"नोकरी पळून जाते, होय ना?"

ती हसली. आपण इथे आहोत हे तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं. दोघांहून कमी माणसांनी खाणीत उतरायचं नाही, आणि उतरण्याआधी विभागात कळवायचं, असा नियम होता. दुसरं माणूस म्हणून मस्यू लाबार्त होते, आणि विभागात फोन उचलायला त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं.

सव्वादहाला दगड कोसळला. आधी वाळू सांडल्यासारखा बारीक आवाज आला. लाबार्तांनी मान वर केली आणि "मागे!" असं ओरडून तिला धक्का दिला. मग असा दणका बसला की तो कानांच्या आधी तिच्या दातांना जाणवला. धूळ बसायला दहा मिनिटं लागली. बसली तेव्हा दिसलं की ज्या वाटेनं ते आले ती वाटच उरली नव्हती. तिथे छतापर्यंत दगडांचा ढीग होता, आणि लाबार्त त्या ढिगाच्या कडेला बसून आपल्या डाव्या बुटाकडे बघत होते. बुटाचा पुढचा भाग चपटा झाला होता.

तिनं बूट कापून काढला. मोज्यातून रक्त ठिबकत होतं. तिनं आपला स्कार्फ घट्ट बांधला. लाबार्तांच्या कपाळावर त्या थंडीत घाम फुटला होता.

मग ती ढिगाला भिडली. एक दगड काढला की वरून दोन घरंगळायचे. पाचव्या दगडाला छतातून पुन्हा तो वाळूचा आवाज आला.

"हात काढ तिथून," लाबार्त म्हणाले. "माझ्या बापानं या छतावर कधी विश्वास ठेवला नाही. तूही ठेवू नकोस."

फोनला रेंज नव्हती. तिला श्वास पुरेनासा वाटायला लागला. हवा भरपूर आहे हे तिला कळत होतं, पण छातीला ते पटत नव्हतं. बोगद्याच्या टोकाची ती खोली तशी प्रशस्त होती, दहा पावलं लांब, सात पावलं रुंद. ती पुन्हा पुन्हा ती पावलं मोजत राहिली, जणू मोजता मोजता आठवं पाऊल सापडेल.

"बस खाली," लाबार्त म्हणाले. "तू अशी फिरलीस की मला गरगरतं."

"तुमची मुलगी फोन करेल ना? उचलला नाही तर..."

"लिओंहून, दर रविवारी. आज गुरुवार."

"माझी तर सोमवारी आठवण निघेल. व्हिडिओ आला नाही म्हणून."

लाबार्तांनी खिशातून पाव, सुक्या सॉसेजचा तुकडा आणि चाकू काढला. तिला अर्धं दिलं. तिला गिळवेना. ते थरथरत होते. त्यांच्या हृदयाची गोळी दुपारी दोनला असते, आणि गोळ्या गाडीत आहेत, हे त्यांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं.

साडेअकराच्या सुमाराला ते एकदम म्हणाले, "पलीकडे एक भिंत आहे."

"कुठे?"

"त्या पोत्यांच्या मागे. पलीकडची खाण दारिकोंची, आता त्यांच्या युगेतची. आधी एकच होती. मग हद्दीवरून माझा बाप आणि तिचा बाप भांडले, आणि तिच्या बापानं भिंत घातली. मीटरभर जाड. पण हवा खेळावी म्हणून पायाशी भोक ठेवलं होतं."

"हे तुम्ही आत्ता सांगताय? तासाभरानं?" माइलिस म्हणाली.

"बावीस वर्षं मी त्या बाईशी बोललो नाही," लाबार्त म्हणाले. "सांगायला वेळ लागला."

कुजलेली पोती ओढून काढली तर भोक होतं, पण माणूस जाईल इतकं नाही. तिचं डोकं आणि एक हात गेला, खांदा अडकला. ती आत तोंड घालून ओरडली. आवाज चार वळणं घेऊन विरून गेला.

"युगेत दारिको आज खाणीत असेल का?"

"असेलच. मश्रूमला सुट्टी कळत नाही. पण तिच्याकडे चार किलोमीटरचे बोगदे आहेत. ती कुठल्या बोगद्यात आहे ते देव जाणे. मला तिकडची एकही वाट ठाऊक नाही."

माइलिसनं फुइनकडे पाहिलं. मग तिनं स्क्रूड्रायव्हर काढला आणि कॅमेऱ्याची उंच दांडी उतरवून कॅमेरा खाली टेपनं बसवला. भोकातून गाडी जेमतेम गेली असती. वहीचं पान फाडून तिनं लिहिलं: आम्ही दोघं लाबार्तांच्या खाणीत अडकलोय, भिंतीच्या पलीकडे, एक जखमी, बंबवाल्यांना बोलवा.

"दे इकडे," लाबार्त म्हणाले. त्यांनी खाली एक ओळ खरडली आणि तिला वाचू न देता कागद दुमडला. तो तिनं फुइनच्या पाठीवर चिकटवला.

सव्वाबाराला फुइन भिंतीपलीकडे गेली. लॅपटॉपवर चित्र येत होतं: ओली जमीन, चाकांच्या जुन्या खुणा, बोगद्याचं वळण. पंधरा मीटरवर छतातून पाणी ठिबकत होतं. थेंब खालच्या डबक्यात पडला की फुइनच्याच दिव्याचा उजेड त्यात फुटायचा, दर वेळी वेगळा. फुइन थांबली आणि बघत बसली.

"काय झालं?"

"तिला हे आवडलं," माइलिस म्हणाली. "पुढचा थेंब कसा फुटेल ते तिला कधीच सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक थेंबाला बक्षीस."

"मग तू चालव की तिला पुढे."

तिनं चालवली. बटणं दाबत दाबत डबक्यापलीकडे नेली. पण पंचवीस मीटरनंतर वायरलेस तुटला आणि पडदा काळा झाला. दोघं बसून राहिले. अकरा मिनिटांनी पडद्यावर परत चित्र आलं. फुइन तिची ती वाट आखून माघारी आली होती, आणि पुन्हा थेंबासमोर उभी होती.

लाबार्त वेदनेतही खो खो हसले. "अगं, हा तर माझा मेहुणा! कुठेही सोडा, संध्याकाळी गुत्त्यावर हजर!"

तिनं तीनदा पुढे ढकलली. तिन्ही वेळा ती परत आली. अडीच वाजले. गोळीची वेळ टळून गेली होती. लाबार्त आता विनोद करत नव्हते. पोत्यावर आडवे होऊन डोळे मिटून पडले होते, आणि ती दर पाच मिनिटांनी त्यांच्या छातीकडे बघत होती. पडद्यावर थेंब पडत होता. व्हालादिएंच्या प्रसिद्ध लेखात याच मॉडेलची पाच सुंदर चित्रं होती, त्यातलं एक तिनंच काढलेलं. तिला लॅपटॉप भिंतीवर आपटावासा वाटला.

"मस्यू लाबार्त, ऐकताय ना?"

"हूं."

"माझ्याकडे दुसरा प्रोग्राम आहे. माझा. त्यात तिला कंटाळा येतो. पण तो धड चालत नाही. सगळ्याचाच कंटाळा आला की ती बसून राहते. मग ती ना इथे, ना तिथे. परतही येणार नाही."

"मग?"

"ती बसू नये म्हणून मी एक भाग लिहिलाय. कंटाळा आला की ती स्वतःच काहीतरी नवं जुळवते. म्हणजे ढकलणं आणि मागे जाणं जोडून बघेल, किंवा वळणं आणि ढकलणं. तो भाग कधीच चालवून बघितलेला नाही. एकदा तो घातला की ती काय करेल ते मला सांगता येणार नाही."

लाबार्तांनी डोळे उघडले. "कुठे जायचं ते तुला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. मग तिला तरी कोण सांगणार?"

"कुठे जायचं ते नाही सांगता येत. कशात रस घ्यायचा ते सांगता येतं."

"मग सांग की बाई. माझा पाय काही तुझ्या सरांच्या सहीची वाट बघत नाही."

लॅपटॉपची बॅटरी एकवीस टक्के होती. तिची बोटं गारठली होती, ती काखेत धरून ती गरम करायची आणि पुन्हा टाइप करायची. फुइन थेंबासमोर होती तोवरच तिच्यापर्यंत काही पोचवता येणार होतं, म्हणजे आता त्या थेंबाचाच आधार होता. तीन वाजता तिनं जुनं काढून नवं चढवलं. पडद्यावर थेंब पडला. आणखी एक. फुइन बघत होती. सहा मिनिटं झाली, सात झाली. मग चाकं हलली, चित्र बाजूला सरकलं, आणि डबकं कडेला पडत दिसेनासं झालं. पंचवीस मीटरवर पडदा काळा झाला.

अकरा मिनिटं झाली. वीस झाली. ती परत आली नाही.

त्यानंतरचे दोन तास माइलिसला पुढे कधीच नीट सांगता आले नाहीत. करायला काही उरलं नव्हतं. पहिल्यांदाच ती नुसती बसली होती, आणि तेव्हा ती खोली खरी लहान झाली. तिनं दिवा विझवला, बॅटरी वाचवायला, आणि अंधार इतका दाट झाला की डोळे उघडे आहेत की मिटलेले हे बोटानं चाचपून बघावं लागलं. तिनं लाबार्तांचा हात धरला. तो थंड होता. ती त्यांना बोलतं ठेवत होती. मश्रूमचं बी कुठून आणायचात, घोड्याची लीद किती दिवस कुजवायची, बायको कशी होती. ते एकेका शब्दात उत्तर देत होते, आणि दोन शब्दांमधलं अंतर वाढत चाललं होतं.

"मी तुम्हाला इथे आणलं," ती म्हणाली. "एका व्हिडिओसाठी."

"खाण माझी," लाबार्त पुटपुटले. "तू कशाला आणतेस मला."

मग त्यांनी विचारलं, "ती कुठेतरी बसून राहिली असेल का गं?"

"असेल," ती म्हणाली. खोटं बोलायचं बळ तिच्यात नव्हतं.

पलीकडे काय घडत होतं ते त्यांना नंतर कळलं. युगेत दारिको, अडुसष्ट वर्षांची विधवा, तिसऱ्या बोगद्यात गुडघ्यांवर बसून मश्रूम तोडत होती. दूर कुठेतरी रिकामे क्रेट पडल्याचा आवाज झाला. तिनं दुर्लक्ष केलं. पुन्हा पडले. मग काही वेळ शांतता, आणि परत धडाड. रानडुक्कर शिरलं असं समजून तिनं फावडं उचललं आणि आवाजाच्या दिशेनं गेली. तिथे एक गाडी क्रेटच्या थप्पीला खालून ढकलायची, थप्पी कोसळली की मागे सरकायची, पडलेल्या क्रेटकडे बघायची आणि पुढच्या थप्पीकडे वळायची. युगेतनं फावडं वर उगारलं होतं. पाठीवर कागद दिसला म्हणून खाली घेतलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी भोकातून उजेड आला आणि त्यामागे एक खरखरीत आवाज.

"आन्सेल्म! जिवंत आहेस का?"

माइलिस भोकाकडे झेपावली, तोंड उघडलं, आणि रडूच फुटलं. उत्तर लाबार्तांनी दिलं.

"आहे. तुझे क्रेट मोडले का?"

"अकरा! आणि हे काय लिहिलंयस मला? 'युगेत, भांडणात पहिली वीट माझ्या बापानं फेकून मारली होती, तुझ्यानं नाही.' हे सांगायला तुला छत अंगावर पडावं लागलं?"

"भिंत फोडायला माणसं बोलावलीस का, की तीपण मीच बोलवू?"

"बोलावलीत, गाढवा. गप पडून राहा."

बंबवाल्यांना भिंत फोडायला दोन तास लागले. माइलिसला बाहेर आणलं तेव्हा द्राक्षमळ्यांवर अजून चांगलं ऊन होतं. तिला दोन माणसांनी धरलं होतं, तरी ती त्यांचे हात झटकून उघड्या रस्त्याच्या मधोमध जाऊन बसली. तिथून उठायला तयारच होईना.

दुसऱ्या दिवशी व्हालादिए समुद्रावरून थेट इस्पितळात आले. हातात कानलेचा खोका होता. त्या गोड, करपट सालीच्या केकचा वास खोलीभर पसरला. त्यांचे डोळे सुजलेले होते. ते खरंच घाबरले होते, हे तिला दिसलं.

"एका वर्तमानपत्राचा फोन होता," थोड्या वेळानं ते म्हणाले. "मी म्हटलं, सोमवारनंतर बोलू. समितीला आधी आपण सांगू, की आपल्या मॉडेलनं दोन जीव वाचवले."

"तुमचं मॉडेल सव्वादोन तास थेंबासमोर बसलं होतं, प्रोफेसर. मी पलीकडे अंधारात बसून बघत होते."

"ते तपशील आहेत, माइलिस. ते लेखात येतील की."

"ते पहिल्या पानावर येतील. फुइनच्या नोंदी मी तुम्हाला पाठवल्यात, विभागप्रमुखांनाही पाठवल्यात. आणि मी कोणाला न कळवता खाणीत उतरले, तेही त्यात लिहिलंय."

व्हालादिएंनी खोक्याची दोरी सोडली, पुन्हा बांधली. "जून तुझ्या लक्षात आहे ना?"

"आहे."

 जाताना त्यांनी खोका तिच्याजवळ सरकवला.

त्यांनी सही केली नाही. विभागानं तिला डिसेंबरपर्यंत मुदत दिली आणि नियम मोडल्याबद्दल लेखी ताकीदही. लाबार्तांच्या पायाची दोन बोटं गेली. सरकारनं त्यांची खाण कायमची सील केली. दारिकोंच्या खाणीची तपासणी होऊन ती पुन्हा सुरू झाली. फोडलेल्या भिंतीच्या विटा कोणाच्या यावरून लाबार्त आणि युगेत आता फोनवर भांडतात.

शरद ऋतूत माइलिसनं फुइनला युगेतच्या बोगद्यांत चाळीस वेळा सोडलं, स्वतः दाराबाहेर उन्हात बसून. त्यातल्या नऊ वेळा ती काही न करता बसून राहिली. का, ते माइलिसला अजून पुरतं उमगलेलं नाही, आणि तसं तिनं प्रबंधात लिहिलं.

जानेवारीत प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. चौथ्या मजल्यावर ती जिन्यानं चढून गेली, लिफ्टचं दार मिटताना तिला आता बघवत नसे. परीक्षेच्या खोलीला खिडक्या नव्हत्या. परीक्षक समितीतले पाच जण बसले होते, व्हालादिए कडेला, समोर कागद, मान खाली. अध्यक्षबाईंनी दार लावून घ्यायला खूण केली.

"उघडं राहू दे, कृपा करून," माइलिस म्हणाली.

"बाहेर वर्ग सुटलाय, बाई. गोंगाट होईल."

"होऊ दे. मी मोठ्यानं बोलते."

अध्यक्षबाईंनी होकारार्थी मान हलवली. कॉरिडॉरमधून मुलं हसत, बॅगा आपटत चालली होती. माइलिसनं दाराकडे तोंड होईल अशी आपली जागा थोडी बदलली, पाण्याचा घोट घेतला आणि बोलायला सुरुवात केली.